निसेडालेचे खोरे

नॉर्वेच्या एकंदर भूमीपैकी नांगराखाली येऊ शकेल असा भाग शेकडा तीन-चारांहून अधिक नाही. उरलेला मुलूख डोंगर, अरण्य, हिम आणि समुद्राने आत घुसून कोरलेल्या खाड्या यांनी व्यापलेला आहे. 1801 च्या शिरगणतीत या देशाची लोकसंख्या 8 लाख 83 हजार भरली होती. ती शतकाच्या अखेरीस 22 लाखांच्या पुढे गेली, जमीन मात्र होती तेवढीच राहिली. त्यातच तेथील वारसाहक्काची पद्धत अशी की, ‘ओडेल’ या प्राचीन हक्कान्वये घराण्याचे शेत वडील मुलाकडे अखंड जावे आणि कोणी ते परक्यास विकलेच तर भाऊबंदांनी ठरावीक मुदतीत किंमत भरून ते सोडवून घ्यावे. आपल्याकडील मिराशी वतनाची ज्यास कल्पना आहे, परागंदा झालेला मिरासदार अनेक वर्षांनी परतूनही आपले शेत मागू शकत असे हे ज्याने जुन्या दफ्तरांत वाचले आहे, त्यास हा कायदा अपरिचित वाटणार नाही. या व्यवस्थेने घराणी टिकली, पण धाकटी भावंडे उघड्यावर पडली. त्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडी, बटाट्यापुरता तुकडा आणि त्याच्या मोबदल्यात मालकाच्या घरची वेठ एवढेच येई. अशा माणसांना अटलांटिकच्या पलीकडे सव्वा डॉलरला एकर या भावाने सरकारी जमीन मिळते, ही वार्ता कोणत्या स्वरात ऐकू आली असेल याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही.

1825 च्या जुलैत स्टावांगेर बंदरातून ‘रेस्टाउरासिओन’ नावाचे एक लहानसे गलबत 52 माणसे घेऊन निघाले आणि वाटेत जन्मलेल्या एका बालिकेसह ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पोहोचले. तेथून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे 8 लाख नॉर्वेजियनांनी देश सोडला. एकट्या 1882 साली गेलेल्यांची संख्या 28 हजारांहून अधिक होती, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर आयर्लंड वगळता युरोपातील कोणत्याही देशाने आपली इतकी माणसे अमेरिकेला दिली नाहीत. यांतील पहिल्या लाटा इलिनॉय आणि विस्कॉन्सिन या प्रांतांत जाऊन स्थिरावल्या. 1840 नंतर विस्कॉन्सिनातील कॉश्कोनाँगची सपाट, काळी जमीन प्रथम भरली, आणि मागून येणाऱ्यांना पश्चिमेकडील डोंगराळ टापूकडे वळावे लागले. हिमयुगातील बर्फाचे थर उत्तर अमेरिकेचा मोठा भाग रगडून सपाट करून गेले, पण हा टापू त्यांच्या तावडीतून सुटला. म्हणून तेथे उभे कडे, अरुंद खोरी आणि जागोजाग झरे शिल्लक राहिले. शेतीस ही जमीन अडचणीची होती. नॉर्वेहून आलेल्यांनी मात्र ती नाखुशीने घेतली असे म्हणता येत नाही, कारण उतारावर घर कसे बांधावे आणि ऊन कोणत्या अंगाला अधिक वेळ टिकते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

ब्ल्यू माउंड्स या टेकड्यांच्या पायथ्याशी, माउंट होरेब गावापासून थोड्या अंतरावर असलेल्या अशाच एका खोऱ्यात 1856 साली टेलेमार्क प्रांतातील ऑस्टेन ओल्सन हाउगेन याने चाळीस एकरांचे शेत केले. दक्षिणेकडे तोंड करून उतारात रोवलेले ओंडक्यांचे घर त्याने उभारले. ओंडके टोकाला खाचा पाडून एकमेकांत असे बसवलेले की कोपऱ्यास खिळ्याची गरज पडू नये. फटींत गारा भरलेला. घरालगत गोठा, आणि झऱ्याच्या गार पाण्यात दुधाची भांडी ठेवण्यासाठी बांधलेली एक खोली. हाउगेन कोणी नामांकित पुरुष नव्हता. त्याच्या नावावर पराक्रम नाही, ग्रंथ नाही, सार्वजनिक सभेतील भाषणही नाही. त्याच्यासारखी सहस्रावधी शेते त्या प्रांतात होती, आणि कुटुंबाला बरे दिवस येताच ती ओंडक्यांची घरे पाडून अथवा त्यांवर फळ्या ठोकून बहुतेकांनी रंगीत, प्रशस्त अमेरिकन घरे बांधली. जुन्या घराची लाज वाटणे हे भरभराटीचेच एक लक्षण असते. हाउगेनचे शेत वाचले ते अडचणीच्या जागी होते म्हणून. त्याचे जतन व्हावे असे त्या काळी कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

येथे या लोकांच्या सामाजिक जीवनाकडे वळले पाहिजे, कारण पुढे जे घडले ते त्यावाचून समजणार नाही. 1893 साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले, आणि परक्या शहरात आजारी पडलेल्या अथवा मेलेल्या मजुराच्या कुटुंबास कोण विचारणार हा प्रश्न उग्र झाला. तेव्हा 16 जानेवारी 1895 रोजी मिनियापोलिस शहरात 18 नॉर्वेजियनांनी एकत्र येऊन ‘सन्स ऑफ नॉर्वे’ ही परस्परसाहाय्याची संस्था स्थापन केली. तिचा मूळ हेतू दर महिन्यास वर्गणी गोळा करून आजारपणात आणि मृत्यूनंतर ठरावीक रक्कम देण्याचा, म्हणजे निखळ व्यवहाराचा होता. भाषा, गाणी, सणवार आणि पूर्वजांचा अभिमान ही कलमे हळूहळू जोडली गेली आणि कालांतराने तीच ठळक झाली. शतक पालटताना आणखी एक प्रकारची मंडळे निघाली. नॉर्वेच्या एकेका खोऱ्यातून आलेल्या माणसांची ही मंडळे ‘ब्यूग्देलाग’ म्हणून ओळखली जात. वाल्द्रेस खोऱ्याच्या लोकांनी 1899 साली मिनियापोलिसमध्ये पहिला मेळावा भरवला, आणि पाहता पाहता प्रत्येक खोऱ्याचे आपापले मंडळ झाले. या मेळाव्यांत आपल्याच बोलीत भाषणे होत, आणि कोणाचे शेत कोणत्या धबधब्याखाली होते यावर म्हातारी माणसे तासन्‌तास वाद घालीत.

पहिल्या महायुद्धाने या सुखावर घाव घातला. युद्ध जर्मनीशी होते, पण परकी भाषा बोलणारा प्रत्येकजण संशयास पात्र ठरू लागला. शेजारच्या आयोवा प्रांताचे गव्हर्नर हार्डिंग यांनी 23 मे 1918 रोजी जाहीरनामा काढून शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, इतकेच नव्हे तर टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली. 1924 च्या कायद्याने नव्या आगंतुकांची वाटच अरुंद केली. भाषा घरात मागे सरली, मायदेशाहून येणारा माणसांचा ओघ आटला, आणि जे राहिले होते ते आठवणींच्या आधारावर राखावे लागणार हे सुजाणांना दिसू लागले. 1925 च्या जूनमध्ये मिनेसोटाच्या जत्रेच्या मैदानात पहिल्या गलबताच्या आगमनाची शताब्दी साजरी झाली, तिला राष्ट्राध्यक्ष कूलिज स्वतः उपस्थित राहिले आणि टपाल खात्याने दोन खास तिकिटे काढली. उत्सव थाटाचा झाला. परंतु ज्या समाजाचे भविष्य निश्चिंत आहे तो आपल्या भूतकाळाचा इतका थाट सहसा करीत नाही.

या शताब्दीनंतर लगेच, 1926-27 च्या सुमारास, शिकागोत व्यवसाय करणाऱ्या इसाक डाले या नॉर्वेजियन वंशाच्या गृहस्थाने हाउगेनचे ते पडीक शेत विकत घेतले. शिकागोतील धनिकांचा त्या काळचा शिरस्ता असा की, उन्हाळ्यात शहरातील धूर आणि उकाडा टाळण्यासाठी विस्कॉन्सिनातील तळ्यांकाठी हवेली बांधावी, नावा ठेवाव्यात आणि एकमेकांना मेजवान्या द्याव्यात. डाले यांच्याही मनात सुट्टीचे निवासस्थान करण्याचाच हेतू होता, पण त्यासाठी त्यांनी तळे न निवडता एका गरीब कुळंब्याचे ओंडक्यांचे घर निवडले. खोऱ्यास त्यांनी ‘निसेडाले’ असे नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र पुढे ‘लिटल नॉर्वे’ हेच नाव रुळले.

दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि थोड्याच वर्षांत 1929 ची मंदी येऊन ठेपली. ही गोष्ट त्या जागेच्या इतिहासात निर्णायक आहे असे मला वाटते. 1933 साली देशातील चार कामकऱ्यांपैकी एक बेकार होता. विस्कॉन्सिनात दुधाचे भाव इतके घसरले की गवळ्यांनी त्या एका वर्षात तीनदा संप पुकारला, रस्त्यांवर दुधाच्या गाड्या अडवून दूध ओतून दिले आणि लष्करी शिपायांना संगिनी घेऊन उभे राहावे लागले. अशा दिवसांत ज्याच्या पदरी रोख पैसा आहे आणि ज्यास जुन्या पद्धतीचे सुतारकाम करून हवे आहे अशा माणसाभोवती कारागीर गोळा व्हावेत हे स्वाभाविकच होते. आजूबाजूच्या नॉर्वेजियन वस्तीत ओंडका तासणारे, खाच पाडणारे, छपरावर भूर्जाच्या सालीचे थर अंथरून त्यावर गवताळ माती बसवण्याची रीत ऐकून अथवा पाहून असलेले वृद्ध अद्याप हयात होते. त्यांच्या हातांना काम मिळाले आणि डाले यांना हवी ती वास्तू मिळाली. हाउगेनच्या घराभोवती अशा रीतीने लहानशा इमारतींचा एक समूह आकारास आला, त्यांत पायांवर उचलून धरलेले धान्याचे कोठार होते, खिडक्यांच्या चौकटींना निळा रंग होता, आणि आत ठिकठिकाणांहून जमवलेल्या पेट्या, कोरीव लाकडी भांडी, चरखे, जुनी बायबले आणि वेलबुट्टीदार फुलांनी रंगवलेली कपाटे मांडलेली होती. हे फुलांचे रंगकाम, ज्यास ते लोक ‘रोसमालिंग’ म्हणतात, अमेरिकेत जवळजवळ विसरले गेले होते. शेजारच्या स्टॉटन गावी घोडागाड्यांच्या कारखान्यात रंगारी असलेल्या पेर लिस्ने याने याच मंदीच्या दशकात लाकडी थाळ्यांवर ते काढून त्यास पुन्हा चलनात आणले.

हाउगेनचे घर आहे तसे न राखता त्याला सजवून काहीतरी नवेच निर्माण केले गेले, असा आक्षेप कोणी घेतला तर त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. हाउगेनच्या घरी रंगीत कपाटांची रांग असणे संभवनीय नव्हते; तेथे धूर, ओली लोकर, बटाटे आणि सहा महिन्यांचा हिवाळा होता. ज्या दारिद्र्यातून सुटण्यासाठी आजोबांनी समुद्र ओलांडला त्याच दारिद्र्याची वास्तू नातवाने पैसे मोजून, झाडून-पुसून, निळा रंग देऊन सुट्टीसाठी घेतली. पण यात ढोंग होते असेही मी म्हणणार नाही. आपण काय विसरलो आहोत हे नातवास ठाऊक होते, आणि स्मरणशक्ती जिथे संपली तिथे त्याने सुताराच्या कौशल्यावर भरवसा ठेवला. इतिहासकाराला हे पसंत पडणार नाही, तरी सुट्टीच्या घराकडून यापेक्षा अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे अवाजवी होय.

आता त्या वास्तूकडे यायचे, जिच्यामुळे हे खोरे देशभर प्रसिद्धीस आले. 1893 चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन मराठी वाचकास त्याच्या आनुषंगिक सर्वधर्मपरिषदेमुळे परिचित आहे. विवेकानंदांचे नाव तर सर्वतोमुखी आहेच, पण मुंबईहून ब्राह्मसमाजाचे प्रतिनिधी म्हणून गेलेले बी. बी. नागरकर यांचाही त्या व्यासपीठावर वावर होता. त्याच प्रदर्शनात, तळ्याकाठच्या मैदानावर, नॉर्वेने आपला स्वतंत्र मंडप उभारला होता. नॉर्वे त्या वेळी स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता; परराष्ट्रव्यवहार स्वीडनच्या हाती होता; आणि जगासमोर स्वतःचे वेगळे अस्तित्व दाखवण्याची ईर्षा त्या लहानशा देशात 1905 च्या विभक्तीपर्यंत वाढतच गेली. म्हणून त्यांनी मंडपासाठी मध्ययुगीन लाकडी चर्चची धाटणी निवडली. वर वर चढत जाणारी, लाकडी खवल्यांनी मढवलेली छपरे, त्यांच्या कण्यांवरून हवेत झेपावणारी ड्रॅगनची मस्तके, आणि दाराच्या चौकटीभोवती एकमेकांत गुंतलेले कोरीव सर्प असे त्याचे रूप होते. आराखडा वाल्देमार हान्स्टेन याचा, आणि बांधणी ऑर्कांगेर येथील थाम्स यांच्या कारखान्याची. हा कारखाना लाकडी घरे सुट्या भागांत तयार करून जहाजाने परदेशी पाठवण्यात वाकबगार होता. त्याच वर्षी कप्तान मॅग्नस आंडरसन याने प्राचीन व्हायकिंग नौकेची हुबेहूब प्रतिकृती बेर्गेनहून वल्हवत-शिडे उभारत थेट शिकागोच्या तळ्यात आणली, तेव्हा प्रवासी नॉर्वेजियनांच्या छातीत काय भरून आले असेल ते सांगावयास नको.

प्रदर्शनातील इमारती चुना, सिमेंट आणि ताग यांच्या मिश्रणाने केलेल्या दिखाऊ इमारती होत्या. 1894 च्या जुलैत, रेल्वे कामगारांच्या पुलमन संपाच्या गदारोळात, त्यांतील बहुतेक आगीत भस्मसात झाल्या. नॉर्वेचा मंडप अस्सल लाकडाचा आणि खोलता-जोडता येण्यासारखा असल्यामुळे तोपर्यंत तेथून हलला होता. शिकागोच्या गॅस कंपनीचे धनाढ्य अधिपती सी. के. जी. बिलिंग्ज यांनी तो घेऊन लेक जिनिव्हाच्या काठी आपल्या हवेलीच्या आवारात नेला. हे बिलिंग्ज म्हणजे तेच, ज्यांनी 1903 साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात 36 पाहुण्यांना घोड्यांवर बसवून, घोड्यांवरच थाळ्या मांडून मेजवानी दिली. अशा माणसाच्या बागेत देवालयाच्या धाटणीच्या मंडपाचे काय झाले असेल? झाले ते एवढेच की तो करमणुकीच्या उपयोगी पडला. पुढे मालमत्ता बदलली आणि च्युइंगगमच्या व्यापारात अफाट संपत्ती मिळवलेल्या रिग्ली घराण्याकडे ती गेली.

1935 साली रिग्लींकडून तो मंडप इसाक डाले यांच्याकडे आला. पुन्हा सांधे उकलले, पुन्हा फळ्या मोजल्या, आणि ट्रकांवर लादून सर्व सामान निसेडालेच्या उतारावर आणले गेले. जेथे चाळीस वर्षे मेजवान्यांचा देखावा म्हणून तो उभा होता तेथून निघून तो आता आपल्याच माणसांत आला. हाउगेनच्या ठेंगण्या घरांमध्ये तो थोडा विजोड दिसे हे नाकारता येत नाही; राष्ट्राने जगाला दाखवण्यासाठी घडवलेली वस्तू आणि एका कुळंब्याने थंडीपासून वाचण्यासाठी घडवलेली वस्तू यांचा मेळ सहजी बसत नाही. डाले यांनी आपल्या संग्रहातील वस्तू या मंडपातही मांडल्या.

दोनच वर्षांनी, 1937 मध्ये, डाले निवर्तले. खोऱ्याचा कारभार त्यांचे आप्त, विस्कॉन्सिन विद्यापीठातील शेतीविषयक अर्थशास्त्राचे प्राध्यापक ॲशर हॉब्सन आणि त्यांच्या कुटुंबाने सांभाळला. खाजगी विश्रामस्थान आता तिकीट घेऊन पाहण्याचे स्थळ झाले, आणि नॉर्वेजियन पोशाख घातलेल्या मुली पाहुण्यांना घरोघर फिरवून माहिती सांगू लागल्या. रविवारी मोटारीतून येणारी कुटुंबे, शाळांच्या सहली, आणि आपल्या आजीच्या माहेरची काही खूण सापडते का हे पाहण्यासाठी दूरवरून येणारे वृद्ध यांनी ते खोरे सात दशकांहून अधिक काळ गजबजलेले ठेवले. 1998 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याची नोंद झाली. सरकारी नोंदीने मान मिळतो, छपराचा खर्च मात्र मिळत नाही. गवती छपरे ठरावीक वर्षांनी उतरवून नवी घालावी लागतात; लाकडास कीड, ओल आणि खारी यांचा त्रास असतो; विमा, मजुरी, कर वाढतच जातात. पाहुणे कमी होत गेले, आणि 2012 च्या हंगामाअखेर डाले घराण्याच्या वारसांनी लिटल नॉर्वेचे दरवाजे बंद केले.

याच सुमारास ऑर्कांगेरच्या परिसरात चौकशी सुरू झाली होती. 1893 च्या मंडपावर कोरीव काम केलेल्या एका कारागिराचा वंशज विस्कॉन्सिनला येऊन आपल्या पूर्वजाच्या हाताच्या खुणा पाहून गेला, आणि हा मंडप मायदेशी आणावा या कल्पनेने तेथील लोकांच्या मनात घर केले. येथे दोन देशांच्या नशिबात पडलेला फरक लक्षात घेतला पाहिजे. 1893 चा नॉर्वे म्हणजे पोरे पोसवत नाहीत म्हणून त्यांना जहाजावर चढवणारा देश होता. 1969 साली उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे तेल सापडले आणि तो जगातील अत्यंत संपन्न राष्ट्रांत जाऊन बसला. आता किंमत मोजण्याची ऐपत मागे राहिलेल्यांच्या वंशजांत आली होती. ओडेलच्या कायद्याने भाऊबंदांस दिलेला सोडवणुकीचा हक्क सागर ओलांडून असा बजावला जाईल हे तो कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. 2015 मध्ये ऑर्कांगेरच्या परिसरातील ऑर्कडालहून सुतार व स्वयंसेवक विस्कॉन्सिनला आले, एकेका तुकड्यावर चिठ्ठी लावून त्यांनी मंडप उतरवला, आणि पेटारे जहाजावर चढवले. माउंट होरेबच्या रहिवाशांना याचे दुःख झाले, पण त्यास अडवण्याइतका पैसा अथवा कायदा त्यांच्याजवळ नव्हता. दुरुस्तीनंतर सप्टेंबर 2017 मध्ये ऑर्कांगेर येथे, जेथे तो घडला त्याच गावी, त्याचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. आज तो ‘थाम्स मंडप’ या नावाने तेथे उभा आहे.

निसेडालेचे भवितव्य एका कुटुंबाच्या खिशावर अवलंबून होते, हीच त्याच्या इतिहासातील दुबळी कडी. आयोवाच्या डेकोराह गावी 1877 पासून चालत आलेला नॉर्वेजियन वारसासंग्रह ‘वेस्टरहाइम’ या नावाने सभासदांच्या आणि देणगीदारांच्या बळावर आजही चालू आहे. सन्स ऑफ नॉर्वेच्या शाखांनीही पुढे ठिकठिकाणी डोंगरात जागा घेऊन सभासदांची उन्हाळी व हिवाळी विश्रामस्थाने उभारली. कॅलिफोर्नियात आल्टा येथील ‘कॅम्प नॉर्गे’, पेन्सिल्व्हेनियात शर्मन येथील ‘लँड ऑफ द व्हायकिंग्ज’ आणि वॉशिंग्टन प्रांताच्या पर्वतात सिॲटलच्या लेफ एरिकसन शाखेचे ‘ट्रोलहाउगेन’ हे बर्फावर घसरगुंडीचे ठाणे ही त्यांतील काही. तेथे डाले यांच्या खोऱ्यातील जुनेपण नाही, कोरीव मंडप नाही; पाट-खाटांच्या खोल्या, सामाईक स्वयंपाकघर, मुलांना नॉर्वेजियन गाणी व रंगकाम शिकवणारे वर्ग आणि सभासदांनी सुट्टीत येऊन कुंपण रंगवण्याची प्रथा एवढाच त्यांचा ऐवज. पण मालकीचा दस्तऐवज संस्थेच्या नावावर आहे, आणि छप्पर गळू लागले म्हणजे ठराव मांडून वर्गणी वाढवता येते. वर्गणी वाढवण्यावरून या सभांत जे कडाक्याचे वाद होतात त्यांत, ज्या मिनियापोलिसच्या अठरा जणांनी आजारपणाच्या भत्त्यासाठी ही संस्था काढली, त्यांच्या पहिल्या सभेचाच सूर ऐकू येतो.